कै. आचार्य धर्मानंद कोसंबी : एक निवड

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या समाजातील कित्येक घरी एकच विवंचना सुरू होते. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला; आता कोणते विद्यापीठ निवडावे? नावलौकिक व पुढील प्राप्ती ह्यांवरच बहुधा निर्णय होतो. ज्यांनी विद्यार्थी म्हणून नव्हे, तर अध्यापक म्हणून असाच प्रश्न सोडविला, त्या आचार्य धर्मानंदांचे चरित्र अशा वेळी मननीय आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोमंतकातील सांखवाळ गावी झाला. शिक्षण गावच्या मराठी शाळेपुरतेच. पदवी तर कोणतीच नव्हती. परंतु बुद्धचरित्राच्या वाचनाने त्यांच्या मनाने असा ठाव घेतला की, तान्ही कन्या व पत्नी बाळाबाई ह्यांना मागे ठेवून ते ज्ञानार्जनासाठी घराबाहेर पडले. पुण्यास व काशीस संस्कृताचे अध्ययन केले. काशीस अन्नछत्रातील अन्नावर दिवस काढले. पुढे नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपी पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. ब्रह्मदेशातही त्यांनी काही काळ भिक्षुजीवन घालविले.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. अरविंद घोष ज्याचे प्राचार्य होते त्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि कलकत्ता विद्यापीठातही त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. आशुतोष मुखर्जींसारखे विद्याप्रेमी कुलगुरू, पालीविषयी आस्था बाळगणारे विद्वान आणि नियमित वेतन! पदवीहीन मनुष्याला आणखी काय हवे होते?

उलट, मुंबई विद्यापीठात त्या वेळी पालीला स्थानच नव्हते. ज्या महाराष्ट्रात कार्ले-अजिंठ्याची लेणी उभी आहेत, तेथे बुद्धाच्या उपदेशाची भाषा शिकविण्याची सोय नसावी, हे शल्य धर्मानंदांना सतत बोचत होते. अशातच श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहावा, एवढीच अट होती. कलकत्त्याची प्राप्ती ह्याहून पुष्कळ अधिक होती. १९०७ साली पुत्र दामोदर ह्याचा जन्म झालेला; संसाराचा भार वाढलेला. तरीही त्यांनी कलकत्ता सोडले. ह्या निर्णयाची झळ त्यांच्याइतकीच बाळाबाईंनाही सोसावी लागली असणार, हे विसरून चालणार नाही.

त्याचे फळ काय झाले? डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा प्रवेश झाला. १९१० साली हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स ह्यांच्या निमंत्रणावरून धर्मानंद अमेरिकेस गेले. तेथे वॉरन ह्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांनी हाती घेतले. परंतु १९१२ साली ते परतले व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. १९१८ पर्यंतच्या त्या काळात पु. वि. बापट, ना. के. भागवत ह्यांच्यासारखे शिष्य तयार झाले आणि त्या शिष्यांनी ही विद्या पुढे चालविली. ज्या विद्यापीठात विषयच नव्हता, तेथे विषयाची परंपरा निर्माण झाली!

पुढेही त्यांनी हाच क्रम ठेवला. १९१८ ते १९२२ पुन्हा हार्वर्ड. आणि तेथून परतल्यावर गांधीजींनी १९२० साली स्थापिलेले, नवे व साधनांनी तोकडे असे गुजरात विद्यापीठ! हार्वर्डचे ग्रंथभांडार त्यांनी तुच्छ लेखले नाही. तेथे ते ह्यानंतरही जाऊन आले. जेथे विद्या घ्यावयाची तेथे ती घेतली, आणि जेथे तिची वाण होती तेथे ती आणून दिली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषणाने त्यांनी देह ठेवला.

सर्वांनीच मोठे वेतन सोडावे, असे ह्या चरित्राचे सांगणे नाही. घरची ओढाताण ज्याची त्यालाच ठाऊक असते. परंतु निवड करताना आपल्या तरुण-तरुणींनी आणखी एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा : ह्या विद्यापीठाकडून मला काय मिळेल, हे तर खरेच; पण माझ्या विद्येची गरज कोठे अधिक आहे? धर्मानंदांनी तो विचारला, म्हणूनच महाराष्ट्रात पाली विद्येला घर मिळाले.