सोर हुआना: पुस्तकं बंद झाली, तेव्हा कढईकडे बघून शिकणारी नन

गुलाबजामच्या पाकात लिंबू का पिळतात? लिंबाच्या आम्लामुळे काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होतं आणि पाक साखरत नाही. आंबट फळाचा हाच परिणाम 17व्या शतकात मेक्सिकोतल्या एका ननने टिपला होता. आज त्यांचा चेहरा तिथल्या 100 पेसोच्या नोटेवर आहे. त्यांचं नाव सोर हुआना इनेस दे ला क्रूझ.

हुआनाचा जन्म नेपांत्ला गावातला. तिसऱ्या वर्षी ती वाचायला शिकली. चीज खाल्लं की बुद्धी मंद होते, असं कुणीतरी सांगितल्यावर तिने चीज सोडलं. मुलाचा वेश करून विद्यापीठात पाठवा, असा हट्टही आईकडे धरला. पण विद्यापीठं फक्त पुरुषांसाठी होती.

लग्न नको, पुस्तकं हवीत

लग्न करायचं नव्हतं, वाचायला वेळ हवा होता. म्हणून 1669 मध्ये त्या मेक्सिको सिटीतल्या सान हेरोनिमो मठात नन झाल्या. तिथे त्यांनी मोठं ग्रंथालय जमवलं, कविता आणि नाटकं लिहिली.

मठाच्या एका प्रमुख ननला मात्र हा अभ्यास धर्मविरोधी वाटला. काही महिने पुस्तकं बंद झाली.

पण डोळे उघडे होते! अंडं तेला-तुपात एकसंध राहतं, पाकात मात्र विस्कटतं. साखरेबरोबर पिवळं आणि पांढरं वेगवेगळं वापरलं तर जमतं, एकत्र जमत नाही. अशा नोंदी त्या करत राहिल्या.

1690 मध्ये पुएब्लाच्या बिशपने एका ननचं टोपणनाव घेऊन त्यांना धर्मग्रंथांकडे वळण्याचा जाहीर सल्ला दिला. 1691 च्या उत्तरात सोर हुआनांनी स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडली. स्वयंपाकघरातली ही निरीक्षणं त्याच पत्रात आहेत. ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला नाही, यावरून एक खोडकर चिमटाही आहे.

शेवट आणि त्यानंतर

दबाव वाढत गेला. 1694 च्या सुमारास ग्रंथसंग्रह हातचा गेला. 17 एप्रिल 1695 रोजी, साथीत आजारी नन्सची सेवा करताना त्यांचा मृत्यू झाला.

मठाची एक पाककृतींची वही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती खरंच त्यांची का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यात बरेच गोड पदार्थ आहेत आणि मान्चामान्तेलेसही. या मिरचीच्या रश्श्याच्या नावाचा अर्थच टेबलक्लॉथवर डाग पाडणारा!

त्या मठाच्या जागी आता सोर हुआनांच्या नावाचं विद्यापीठ आहे. तिथे पाकशास्त्राची पदवीही घेता येते.