एक्सप्लेनर : कापसाच्या तेजीत वर गेले, मंदीत बुडाले; कोण होते प्रेमचंद रायचंद?

कापसाचा भाव चढतो तसा उतरतोही, हे नांदेडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुंबईच्या शेअर बाजाराने हाच धडा १८६५ मध्ये घेतला.

सुरतचे प्रेमचंद रायचंद मुंबईत दलाल झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी भारतीय कापसाला मोठा भाव दिला. मुंबईत पैसा आला, शेअर भडकले.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद यांची संपत्तीही बुडाली.

ते पुन्हा उभे राहिले. १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापण्यात ते पुढे होते. तीच आजची बीएसई. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरला त्यांच्या आईचे नाव आहे. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

इंडेक्स फंडाशी संबंध काय?
सेन्सेक्सचा इंडेक्स फंड तुमचे पैसे बीएसईवरील ३० कंपन्यांत विभागतो. एक कंपनी बुडाली, तरी सगळे जात नाही. पण अख्खा बाजार पडला, तर फंडही पडतो. म्हणून पेरणीचे किंवा लातूरच्या क्लासच्या फीचे पैसे त्यात नकोत.