फादर थॉमस स्टीफन्स : साष्टीच्या खेड्यांतले गुरुजी

पंढरीच्या वाटेवर ओव्या ऐकत वाढलेल्या आम्हां सोलापूरकर कॅथोलिकांस फादर थॉमस स्टीफन्स परके वाटूं नयेत. सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत त्यांचा जन्म झाला. स्वदेशीं कॅथोलिकांचा छळ चालला असतां ते रोमास जाऊन १५७५ सालीं येशूसंघांत शिरले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोहोंचले. अवघ्या सतरा दिवसांनीं त्यांनीं वडिलांस प्रवासाचें सविस्तर पत्र धाडिलें. घर सुटलें, माया सुटली नाहीं. परत जाणें मात्र घडलें नाहीं.

पुढील चाळीस वर्षें मुख्यत्वें साष्टींतील खेड्यांत गेलीं. भावास १५८३ सालीं लिहितांना इकडील भाषांची रचना ते ग्रीक व लॅटिनच्या पंक्तीस बसवितात. जुन्या पोथ्या सरकारी सक्तीनें हिरावल्या गेलेल्या नवख्रिस्त्यांस वाचावयास कांहीं उरलें नव्हतें; ही उणीव ओळखणें हेंच, आमच्या मतें, त्यांचें खरें गुरुपण. त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचलें व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १६१९ सालीं ते निवर्तले. मुलांस शिकविण्यासाठीं प्रश्नोत्तररूपानें लिहिलेलें त्यांचें कोंकणी धर्मशिक्षणाचें पुस्तक तीन वर्षांनीं, १६२२ सालीं, रायतूरासच छापून निघालें.