एम.पी. अनिल कुमार

एम.पी. अनिल कुमार (५ मे, १९६४ – २० मे, २०१४) हे भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक व इंग्रजी लेखक होते. मानेखालील शरीर लुळे पडल्यानंतर त्यांनी तोंडात लेखणी धरून लेखन केले.

जीवन

अनिल कुमार यांचा जन्म केरळमध्ये झाला. कझाकूट्टम येथील सैनिक शाळेत शिक्षण घेतल्यावर ते पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. पुढे हवाई दलात ते मिग-२१ विमान चालवीत असत. २८ जून, १९८८ रोजी रात्री पठाणकोट येथे मोटारसायकलला झालेल्या अपघातात त्यांच्या मानेतील मज्जारज्जूला गंभीर इजा झाली. त्यावेळी ते २४ वर्षांचे होते. सेवानिवृत्तीनंतर ते खडकी येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात राहू लागले. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी असलेल्या या केंद्रातच त्यांनी उर्वरित आयुष्य व्यतीत केले.

लेखन व कार्य

दैनंदिन गरजांसाठी इतरांवर अवलंबून असूनही त्यांनी तोंडाने लिहिण्याचा सराव केला व पुढे तोंडात काडी धरून संगणकाच्या कळा दाबण्याचे तंत्र आत्मसात केले. 'एअरबोर्न टू चेअरबोर्न' या लेखात त्यांनी विमानापासून चाकाच्या खुर्चीपर्यंतचा आपला प्रवास मांडला. हा लेख महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने अपंगत्वासह जगण्याचा अनुभव विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. संरक्षण व चालू घडामोडींवरही त्यांनी लेखन केले.

मृत्यू

वयाच्या ५०व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हवाई दलातील अधिकारी नितीन साठे यांनी 'बॉर्न टू फ्लाय' हे त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले आहे.