सहीतला स्वभाव आणि १८० पाकिटे

सही वर चढत गेली तर माणूस महत्त्वाकांक्षी, खाली उतरली तर खचलेला. सहीखाली रेघ मारली की आत्मविश्वास वाढतो आणि रेघेखाली दोन टिंबे दिली की अडलेली कामे मार्गी लागतात. सही बदलून नशीब बदलून देणारे वर्ग आता तालुक्याच्या गावीही भरतात, आणि फी भरून तिथे जाणाऱ्यांत शिकलेली माणसे कमी नसतात. या विद्येची कोणी कधी नीट परीक्षा घेतली आहे का, असा प्रश्न वाचक अधूनमधून विचारतात. घेतली आहे, आणि तीही एकशे वीस वर्षांपूर्वी, पॅरिसमध्ये. ती घेणारा माणूस आपल्याला वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली चालणारी चाचणी ज्यांनी तयार केली, ते आल्फ्रेड बिने. हस्ताक्षराच्या वाटेला ते गेले कसे, हे समजायला त्यांच्या आयुष्यात थोडे मागे जावे लागते.

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस शहरात झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचे फार काळ पटले नाही आणि मुलगा आईपाशी वाढला. त्याची भीड चेपावी म्हणून वडिलांनी लहानपणी त्याला प्रेताला हात लावायला लावले होते, असे चरित्रकार सांगतात. तो हिसका आयुष्यभर पुरला असावा, कारण पुढे वैद्यकीचा अभ्यास सुरू करून त्यांनी तो अर्ध्यावर सोडला. त्याआधी पॅरिसमध्ये कायद्याची पदवी घेतली होती, पण वकिलीतही मन नव्हते. घरची स्थिती चांगली असल्याने पोटापाण्याची घाई नव्हती. राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्रावरची पुस्तके वाचत राहिले. या विषयाचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. १८८० मध्ये स्पर्शज्ञानावर पहिला लेख छापून आला, तेव्हा बेल्जियममधल्या देलबफ नावाच्या प्राध्यापकांनी दाखवून दिले की हे काम आधीच होऊन गेले आहे. या देलबफ यांची गाठ पुन्हा पडायची होती.

त्यानंतरची सुमारे सात वर्षे बिने पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात होते. तिथे डॉ. शार्को यांचे राज्य होते. त्या काळी त्यांचा दबदबा एवढा, की त्यांच्या व्याख्यानांना डॉक्टरांबरोबर लेखक-नटही गर्दी करत. उन्मादाच्या रुग्ण स्त्रियांना संमोहित करून त्यांच्यावर प्रयोग चालत. बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांना वाटले की आपल्या हाती मोठा शोध लागला आहे. संमोहित बाईच्या शरीराजवळ लोहचुंबक फिरवला की डाव्या हाताचा लुळेपणा उजव्या हातात जातो आणि चुंबक उलटा धरला की दुःखाचे हसू होते, असे त्यांनी प्रसिद्ध केले. देलबफ यांना शंका आली. ते स्वतः पॅरिसला येऊन प्रयोग पाहून गेले. चुंबक केवढा होता आणि कसा धरला होता, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांनी पाहिले ते एवढेच, की प्रयोग करणारे रुग्ण बाईच्या समोर मोठ्याने बोलत आहेत, चुंबक तिला दिसतो आहे, आणि काय व्हायला हवे हे तिला पक्के ठाऊक आहे. मायदेशी जाऊन त्यांनी नीट बंदोबस्ताने प्रयोग केले आणि चुंबकाचा काहीच परिणाम नाही, जे होते ते सूचनेमुळे, असे सिद्ध केले. बिने यांनी आधी जोरात वाद घातला. शेवटी चूक छापील शब्दांत मान्य करावी लागली.

अशी नामुष्की झाल्यावर माणूस तो विषय तरी सोडतो किंवा आयुष्यभर कारणे तरी देत बसतो. बिने यांनी तिसरेच केले. प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षा समोरच्या माणसात नकळत कशा उतरतात, हाच त्यांनी अभ्यासाचा विषय केला. शाळेतल्या मुलांना ते एकामागून एक रेघा दाखवत. पहिल्या काही रेघा प्रत्येक वेळी थोड्या वाढत जात, पुढच्या सगळ्या सारख्या लांबीच्या असत. तरी बरीच मुले रेघा वाढतच आहेत असे समजून त्या अधिकाधिक लांब काढत. सूचनाक्षमतेवरचे त्यांचे हे पुस्तक १९०० साली आले.

दरम्यान १८८४ मध्ये त्यांचे लग्न झाले. सासरे बाल्बियानी हे नावाजलेले भ्रूणशास्त्रज्ञ होते. मादलेन आणि आलिस या दोन मुली झाल्या आणि घर हीच प्रयोगशाळा झाली. एक मुलगी शांत, पाऊल जपून टाकणारी. दुसरी चंचल, कल्पनेत रमणारी. एकाच घरात वाढणारी दोन मुले एकाच प्रश्नाकडे इतक्या वेगळ्या रीतीने पाहतात, याची बिने यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेवली. १८९१ मध्ये एका रेल्वे स्टेशनवर सोर्बोनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख बोनिस भेटले. बिने यांनी तिथल्या तिथे प्रयोगशाळेत बिनपगारी काम मागितले आणि १८९४ पासून ते तिचे संचालक झाले. डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणारे, तोंडी अवाढव्य आकडेमोड करणारे, नाटककार अशा सगळ्यांना त्यांनी तपासले. फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मात्र अर्ज करूनही मिळाले नाही.

डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते, हे त्या काळी शास्त्र मानले जाई. बिने यांनीही शाळाशाळांतून मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मंद मुलांच्या डोक्यांत फरक निघाला तो नावापुरता, कुठे मिलिमीटरभर. त्यांना भीती वाटली की आपण ज्याला मंद समजतो त्याचे डोके मोजताना आपलाच हात थोडा आखडत असेल. त्यांनी पुन्हा मोजून पाहिले आणि तसेच घडत होते, हे लिहूनही टाकले. माझ्या मते बिने यांच्या कामातले हे सर्वांत मोलाचे पान आहे.

आता हस्ताक्षराकडे वळू. अक्षरावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येला फ्रान्समध्ये रूप दिले ते मिशों नावाच्या पाद्रींनी, १८७० च्या दशकात. त्यांच्या मते प्रत्येक वळणाला ठरलेला अर्थ होता. अमुक फराटा म्हणजे अमुक गुण, आणि तो फराटा नसेल तर तो गुण नाही. आजच्या सही-वर्गांतला माल थोड्याफार फरकाने हाच आहे. मिशों यांच्यानंतरचे मोठे नाव रुआँचे क्रेप्यू-जामँ. व्यवसायाने दंतवैद्य, पण अक्षरांचा व्यासंग दांडगा. एकेका खुणेला ठरीव अर्थ चिकटवणे त्यांना मान्य नव्हते, अक्षर सगळे मिळून पाहावे असे ते म्हणत. त्याच काळात ड्रायफस प्रकरण पेटले होते. एका चिठ्ठीचे अक्षर आपले असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले म्हणून लष्करातला एक ज्यू अधिकारी निरपराध असून सैतानी बेटावर सडत होता. अक्षर त्याचे नाही, असे सांगणाऱ्या जाणकारांत क्रेप्यू-जामँ होते. अक्षर कोणाचे हे ओळखणे आणि अक्षरावरून माणूस कसा आहे हे ओळखणे ही दोन निराळी कामे आहेत, हे खरे. पण पहिल्या कामातही जाणते लोक इतके चुकतात हे देशाने पाहिले होते आणि हस्ताक्षर हा चेष्टेचा विषय उरला नव्हता.

बिने यांनी क्रेप्यू-जामँ आणि इतर तज्ज्ञांना परीक्षेला बसण्याची विनंती केली. ते तयार झाले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारेच. पहिला प्रश्न सोपा ठेवला होता : अक्षर पुरुषाचे की बाईचे? त्यासाठी टपालाने आलेली १८० पाकिटे निवडली. पाकिटेच का? कारण पत्रातला मजकूर चुगली करतो. पाकिटावर नाव-पत्त्यापलीकडे काही नसते. शिवाय नुसत्या अंदाजाने, नाणे उडवूनही, शंभरातली पन्नास उत्तरे बरोबर येणारच, हा हिशेब त्यांनी आधीच मांडून ठेवला. क्रेप्यू-जामँ यांची शंभरातली सुमारे ७९ उत्तरे बरोबर आली. हा योगायोग नक्कीच नव्हे. पण बिने यांनी तीच पाकिटे अक्षरविद्येचा गंध नसलेल्या साध्या माणसांनाही दिली, आणि त्यांच्यातलेही बरेच जण शंभरात पासष्ट-सत्तरपर्यंत पोचले. आयुष्यभराच्या व्यासंगाची कमाई म्हणजे वरचे हे थोडे गुण.

पुढच्या फेरीत नामवंत बुद्धिमान माणसांचे आणि सामान्य माणसांचे लेखन जोडीजोडीने दिले. इथे क्रेप्यू-जामँ यांनी कमाल केली, दहातल्या नऊ जोड्या बरोबर ओळखल्या. बाकीचे तज्ज्ञ मात्र पार साठीपर्यंत विखुरले. (यात एक मेख आहे. ज्याचे आयुष्य लिहिण्यात गेले त्याचा हात सराईत असणारच. ओळखली गेली ती बुद्धी की लिहिण्याची सवय?) शेवटी खुन्यांची आणि भल्या माणसांची अक्षरे समोर ठेवली. स्वभाव ओळखण्याचा दावा इथेच कसाला लागायचा होता. उत्तम तज्ज्ञाची मजल इथे चारांतील तीन उत्तरांच्या आसपास थांबली.

१९०६ मध्ये बिने यांनी हे सगळे पुस्तकरूपाने मांडले. निष्कर्ष दोन्ही बाजूंना न रुचणारा होता. अक्षरात काहीतरी आहे, तज्ज्ञांना योगायोगापेक्षा अधिक कळते. पण ते स्वतःला समजतात तितके अचूक मुळीच नाहीत, आणि एखाद्या माणसाच्या भवितव्याचा निर्णय त्यांच्या मतावर सोपवता येणार नाही. त्याच वर्षीच्या जुलैत ड्रायफस निर्दोष ठरले.

बिने यांनी जे सुरू केले ते पुढे इतरांनी आणखी कडक केले. १९८९ मध्ये इस्रायली संशोधकांनी नोकरीसाठी घेतलेल्या हस्ताक्षर-परीक्षणाचे १७ अभ्यास एकत्र तपासले. उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर असेल तर तज्ज्ञांचे अंदाज थोडेफार जुळत, पण अक्षरविद्या न जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचेही तितकेच जुळत. म्हणजे माहिती मजकुरातून येत होती. तटस्थ मजकूर दिला की तेही संपले. पाकिटे निवडण्यामागचे बिने यांचे शहाणपण इथे कळते.

खास सहीपुरते बोलायचे तर एका गोष्टीला थोडा आधार सापडतो, तो आकाराला. १९७० मध्ये एका अमेरिकन विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या कार्डांवरच्या सह्या मोजल्या, तेव्हा प्राध्यापकांच्या सह्या विद्यार्थ्यांच्या सह्यांपेक्षा मोठ्या निघाल्या. अलीकडे कंपनीप्रमुखांच्या वार्षिक अहवालांतल्या सह्यांचा आकार आणि आत्मप्रौढी यांचा संबंध संशोधकांनी दाखवला आहे. पण ही समूहाची सरासरी झाली. शेजारच्या काकांची सही लांबलचक आहे म्हणून ते गर्विष्ठ, असे त्यातून निघत नाही. त्यातही सही ही आपण मुद्दाम घडवलेली, शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर गिरवून ठरवलेली गोष्ट. वर्गात जाऊन ती वर चढवता येत असेल, तर तिचा चढ स्वभाव कसा सांगणार?

डॉक्टर मात्र सहीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. पार्किन्सन आजारात अक्षर लहान होत जाते, आणि एकाच ओळीत पुढे पुढे अधिक बारीक होते. हाताला कंप दिसण्याच्या आधीही हे घडू शकते. सही जुळत नाही म्हणून आजोबांचा चेक बँकेतून परत आला, तर जुन्या पासबुकाच्या वेळची सही काढून शेजारी ठेवून पाहावी. वयाने, संधिवाताने, चष्म्याच्या नंबरानेही अक्षर बदलते, पण सही सतत आक्रसत चालली असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. अचानक एका दिवसात अक्षर बिघडले, त्यात हाताची शक्ती गेली किंवा बोलणे अडखळू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

पाकिटांच्या प्रयोगाच्या आसपासच बिने यांचे मोठे काम चालू होते. शिकण्यात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. तोवर हा निकाल शिक्षक नाहीतर डॉक्टर आपापल्या समजुतीने देत. एकच मूल एकाच्या मते मतिमंद, दुसऱ्याच्या मते नुसते आळशी. डोक्याचा घेर आणि अक्षराचे वळण दोन्ही तपासून झालेल्या बिने यांनी डॉ. सिमों यांच्यासह सरळ मुलांना प्रश्न विचारले. वस्तूंची नावे सांगा, आकडे परत म्हणा, दोन गोष्टींतला फरक सांगा. १९०५ ची पहिली चाचणी अशा ३० पायऱ्यांची होती. १९०८ आणि १९११ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. बुद्धी हा कायमचा ठरलेला आकडा आहे, हे बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष आणि स्मरण वाढवणारे व्यायामही त्यांनी सुचवले.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीत बुद्धीच्या भागाकाराची कल्पना निघाली, आणि अमेरिकेत त्यांच्या चाचणीचा वापर माणसांवर कायमचे शिक्के मारायला होऊ लागला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला तिची मराठी आणि कन्नड आवृत्ती तयार केली. बिने-कामत नावाची ती चाचणी आपल्याकडच्या रुग्णालयांत बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देण्याआधी अजूनही वापरली जाते.