श्री संत संताजी जगनाडे महाराज : संक्षिप्त चरित्र

मावळ ही वीरांची भूमी म्हणून इतिहासाला ठाऊक आहे. तितकीच ती संतांचीही भूमी आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहू व आळंदी या क्षेत्रांना जाऊन मिळते. याच मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे व चाकण यांच्या दरम्यान श्रीक्षेत्र सुदुंबरे वसले असून तेथे श्री संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. श्री तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक होते. तुकोबांची अभंगवाणी कागदावर उतरवून जतन करणारे लेखक म्हणून अवघा वारकरी संप्रदाय त्यांचे ऋण मानतो.

जन्म व बालपण

८ डिसेंबर १६२४ ही महाराजांची जन्मतिथी मानली जाते. चाकण येथे तेली समाजातील एका भाविक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव विठोबा व मातोश्रींचे नाव मथाबाई. घरी तेलाचा घाणा होता आणि विठ्ठलाची भक्तीही होती. चाकण हे बाजारपेठेचे गाव असल्याने हिशेबापुरते लेखन-वाचन व्यवसायाला आवश्यक होते. संताजींना अक्षरओळख लहानपणीच झाली. हेच अक्षर पुढे केवढ्या कामी येणार आहे, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. तत्कालीन रीतीप्रमाणे त्यांचा विवाह लहान वयात यमुनाबाईंशी झाला व ते वडिलांच्या व्यवसायात लक्ष घालू लागले.

सद्गुरूंची भेट

चाकण येथे तुकाराम महाराजांचे कीर्तन झाले, तेव्हा संताजी श्रोत्यांत बसले होते. त्या कीर्तनाने त्यांचे अंतःकरण इतके हेलावले की संसार सोडून सद्गुरूंच्या मागे जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. तुकोबांनी त्यांना तसे करू दिले नाही, प्रपंचात राहूनच परमार्थ साधण्याचा मार्ग दाखविला, असे परंपरा सांगते. घरी पत्नी होती, वृद्ध आईवडील होते, घाण्यावर पोट अवलंबून होते. हे सारे टाकून मिळणारा देव संताजींना नको होता असे नाही. परंतु सद्गुरूंनी त्यांना पुन्हा घाण्यापाशीच पाठविले, आणि त्यांच्या खऱ्या साधनेचा आरंभ तेथेच झाला.

घाण्यात देव

लाकडी घाण्याच्या उखळात तीळ, करडई, कारळे घालावे, बैलाला जुंपावे, त्याच्या डोळ्यांवर झापड बांधावी आणि लाट फिरू लागावी, हा तेल्याचा नित्यक्रम. बैल दिवसभर चालतो, परंतु जागचा हलत नाही. दाण्यात तेल आधीपासूनच असते. डोळ्यांना मात्र ते दिसत नाही. दाणा रगडला गेल्यावरच तेल वाहू लागते व पेंड मागे राहते. रोज हातांखालून जाणाऱ्या या गोष्टींत संताजींना परमार्थ दिसू लागला. घाण्याचे रूपक करून अध्यात्म सांगणारे त्यांचे अभंग प्रसिद्ध आहेत. डोळ्यांवर झापड घेऊन फिरणारा जीव, दाण्यात लपलेल्या तेलाप्रमाणे देहात लपलेला परमात्मा आणि तो प्रकट होण्यासाठी सोसावे लागणारे रगडणे, हा बोध घाण्यापाशी उभा राहणाऱ्या कोणालाही समजावा असा आहे.

देव पाहण्यासाठी कामधंदा सोडावा लागत नाही, ही शिकवण वारकरी संतांनी आपल्या जगण्यातून दिली. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यात, तेरच्या गोरोबाकाकांनी चिखलात व चाकावर, नरहरी सोनारांनी सोन्याच्या कामात विठ्ठल पाहिला. त्याच मालिकेत संताजींचा घाणा आहे. त्याच घाण्याचे तेल घरोघरच्या देव्हाऱ्यातील समईत जळत होते, हेही भाविकांनी ध्यानात घ्यावे.

अभंगांचे लेखन व रक्षण

तुकोबांच्या मुखातून कीर्तनात अभंग स्फुरत. ते लिहून ठेवण्याचे कार्य संताजी जगनाडे व गंगाजी मवाळ कडूसकर यांनी केले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडविल्या गेल्याची व तेरा दिवसांनी त्या तरल्याची कथा सर्वश्रुत आहे. लिहिलेले एका क्षणात नाहीसे होऊ शकते, ही जाणीव त्या काळी किती तीव्र असेल! १६५० मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन झाले. पुढे १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. त्या धामधुमीच्या काळात संताजींनी वह्या जिवापाड सांभाळल्या, अशी श्रद्धा आहे. जगनाडे घराण्यात जपलेल्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा गाथा प्रसिद्ध केला. तेलाचा हिशेब लिहिणाऱ्या हाताने केलेली ही सेवा आज प्रत्येक वारकऱ्याच्या घरी पोहोचली आहे.

समाधी

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस महाराजांनी देह ठेवला. सद्गुरूंनी त्यांना अखेरच्या क्षणी मूठमाती देण्याचे वचन दिले होते, अशी कथा आहे. समाधीच्या वेळी कितीही माती लोटली तरी मुखाचा भाग झाकला जाईना. तेव्हा तुकोबा वैकुंठाहून आले, त्यांनी तीन मुठी माती टाकली आणि समाधी पूर्ण झाली, असे भाविक मानतात. सुदुंबरे येथे पुण्यतिथीचा सोहळा याच तिथीस होतो.

भारतीय डाक विभागाने ९ फेब्रुवारी २००९ रोजी महाराजांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले.

भाविकांसाठी

लोणावळा अथवा पुण्याहून येणाऱ्या भाविकांनी लोकलने तळेगाव दाभाडे स्थानकावर उतरून चाकण रस्त्याने सुदुंबऱ्यास जावे. याच परिसरात तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला भंडारा डोंगर असून, दोन्ही स्थानांचे दर्शन एकाच दिवसात घडते. समाधीपुढे हात जोडताना आपल्या घरचे जाते, विळी, तराजू, लेखणी किंवा यंत्र, ज्यावर आपले पोट चालते, त्याचेही स्मरण करावे. परत गेल्यावर त्याला हात लावण्यापूर्वी क्षणभर नमस्कार करावा. महाराजांच्या चरित्राचे तेच खरे पारायण होय.

॥ श्री संताजी महाराज की जय ॥