नाझरेथचे सुतार : संत योसेफ

मार्च महिना कॅथोलिक ख्रिस्तसभेने संत योसेफ यांना वाहिलेला आहे. १९ मार्च रोजी धन्य कुमारी मरियेचे पती म्हणून आणि पुढे १ मे रोजी कामगार म्हणून, असा वर्षातून दोनदा आपण त्यांचा सण साजरा करतो. आपल्या बहुतेक चर्चमध्ये त्यांचा पुतळा असतो. एका हातावर बाळ येशू, दुसऱ्या हातात पांढऱ्या लिलीचे फूल आणि चेहऱ्यावर पिकलेली दाढी. हे फूल व ही दाढी प्राचीन पण ख्रिस्तसभेने पवित्र शास्त्रात न स्वीकारलेल्या ग्रंथांतून आलेली आहेत. त्या ग्रंथांत योसेफ वयोवृद्ध विधुर आहेत आणि त्यांच्या काठीच्या संबंधाने चमत्कार घडतो. मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत मात्र त्यांच्या वयाचा कोठेही उल्लेख नाही. गरोदर पत्नीला घेऊन गालीलाहून यहुदियापर्यंत चालत जाणारा, तान्ह्या बाळासह रातोरात मिसर देशाची वाट धरणारा आणि परतल्यावर पुन्हा शून्यातून धंदा उभारणारा मनुष्य थकलेला म्हातारा असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्या हातात लिलीऐवजी वाकस दिला तर तो अधिक शोभेल, असे आमचे नम्र मत आहे.

शुभवर्तमानात त्यांच्या व्यवसायासाठी तेक्तोन हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ लाकूडकाम करणारा असा होतो, तसाच बांधकाम करणारा असाही होतो. छोट्या खेड्यात ही दोन कामे वेगळी नसतातच. सुमारे इ. स. १०० च्या सुमारास त्याच भूमीत जन्मलेले संत जस्टिन यांनी, येशूने सुताराचे काम करताना नांगर व जू बनविल्याचे नमूद करून ठेवले आहे. नांगर आणि जू! परभणी, मानवत, पाथरी, गंगाखेड या भागातील आमच्या वाचकांना हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या मातीच्या या जिल्ह्यात सुतार म्हणजे प्रथम औताचा सुतार. हाळीस, रुमणे, जू, शिवळा, वखर, तिफण ही त्याची मुख्य कामे आणि त्यातून सवड मिळाली की मग घरातले पाट, पोळपाट, पाळणा, बाज. नाझरेथच्या सुताराचेही असेच असणार. वस्ती फार तर काही शे माणसांची. तेवढ्या गावात केवळ पेट्या व बाकडी बनवून कोणाचे पोट भरले नसते.

योसेफ हे दावीद राजाच्या वंशातले, परंतु राजवंशाचे नाव सांगून चूल पेटत नसते. मरियेशी त्यांची मागणी झाली होती. त्या काळच्या यहुदी रिवाजाप्रमाणे मागणी म्हणजे कायद्याने विवाहच. वधू मात्र काही काळ माहेरी राही आणि नंतर वर तिला आपल्या घरी आणी. मधल्या काळात वराने घर सजवावे, अशी अपेक्षा असे. सुताराने आपल्या होणाऱ्या संसारासाठी कोणते लाकूड राखून ठेवले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्याच दिवसांत मरिया गरोदर असल्याचे त्यांना कळले. ते नीतिमान होते. त्यांना तिची बेअब्रू करावयाची नव्हती. गाजावाजा न करता तिला सोडून द्यावे, असे त्यांनी मनाशी ठरविले. तेव्हा स्वप्नात देवदूताने त्यांना सांगितले की, हे बाळ पवित्र आत्म्यापासून आहे. झोपेतून उठल्यावर त्यांनी मरियेला घरी आणले. शुभवर्तमानात योसेफ यांच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्यांची उत्तरे आहेत ती सारी हातापायांची.

मग जनगणनेचा हुकूम निघाला. त्या हुकुमामुळे बेथलेहेमला जावे लागले आणि उतारशाळेत जागा नसल्याने बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले. आम्ही या प्रसंगावर वर्षानुवर्षे नाताळची प्रवचने केली आहेत. पण त्यात एका सुताराचे दुःख आहे, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. ज्यांनी शेजाऱ्यांच्या लेकरांसाठी पाळणे केले असतील, त्यांना स्वतःच्या घरच्या बाळासाठी पाळणा देता आला नाही. अवजारे दूर नाझरेथला राहिली होती. जे होते ते शोधावे लागले, आणि सापडली ती जनावरांची गव्हाण. ती झाडून, पुसून, आत गवत अंथरून तिचा पाळणा करणे एवढेच त्यांच्या हाती होते. पवित्र कुटुंबाच्या घरातील पहिले सामान असे बनवलेले नव्हते, सापडलेले होते. चाळीस दिवसांनी यरुशलेमच्या मंदिरात त्यांनी गरिबांना मुभा असलेले, पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले. कोकरू परवडत नव्हते, हे त्यावरून उघड होते.

पुढचा प्रसंग अधिक कठीण. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे, असा इशारा स्वप्नात मिळताच योसेफ रात्रीच उठले आणि कुटुंबाला घेऊन मिसर देशात गेले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, कामाच्या शोधात. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर परभणी व बीडकडचे ऊसतोड मजूर येतात. दिवाळी झाली की नवराबायको मिळून एक कोयता म्हणून उचल घेतात, भांडी, अंथरूण, तान्हे मूल गाडीत घालतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या परिसरात कोपी उभी करून पाच-सहा महिने राहतात. चार बांबू आणि पाचट किंवा चटई, एवढेच घर. तेथेही कोणी बाप झोळी बांधून झोपण्याची सोय करतो. ज्यांची मुले आजीआजोबांकडे गावी राहतात, त्या घरांत हंगाम संपेपर्यंत बाप हा केवळ फोनवरचा आवाज असतो. स्थलांतराची ही वेदना योसेफ यांनी स्वतः भोगलेली आहे. त्यांनी मात्र एक गोष्ट केली. त्यांनी कुटुंब तुटू दिले नाही. जेथे गेले तेथे तिघेही गेले. आपल्या मजूर बांधवांना नेहमी तेवढीही निवड नसते, हे आम्ही जाणून आहोत; म्हणून हे उदाहरण त्यांच्यासमोर दोष म्हणून ठेवू नये. ज्यांच्या हातात मजुरीचे दर आणि वस्तीशाळा आहेत, त्यांच्यासमोर ते अवश्य ठेवावे.

हेरोद मेल्यावर परतीचा मार्ग खुला झाला. यहुदियात त्याचा मुलगा आर्खेलाव राज्य करीत असल्याने योसेफ तिकडे न जाता गालीलात, नाझरेथला येऊन राहिले. येथून पुढे सुमारे तीस वर्षांच्या जीवनातले शुभवर्तमानकारांनी फारच थोडे सांगितले आहे. पण त्या काळाच्या गालीलातील घरांविषयी उत्खननातून जे कळले आहे, ते मराठवाड्यातील माणसाला परके वाटणार नाही. जाड भिंती, सपाट धाबे, लाकडी तुळयांवर फांद्या व त्यावर मातीचा थर. आपले माळवद आणखी काय असते? तुळया, त्यावर किलचन, वर पांढरी माती, आणि पावसाळ्यापूर्वी गळती बुजविण्याची घाई. अशा धाब्यासाठी तुळई निवडणे, तासणे आणि ती चौघांच्या मदतीने चढविणे हे नाझरेथच्या सुताराचे काम. लबानोनचा देवदारू राजवाड्यांसाठी. गावासाठी ओक, उंबराच्या जातीचे झाड किंवा ऑलिव्ह. जसे आपल्याकडे साग श्रीमंताच्या दाराला आणि बाभूळ व लिंब गरिबाच्या औताला. बाभळीचे लाकूड चिवट, मुरडलेले, करवतीला दाद न देणारे. त्यातून जू काढणारा सुतार झाडाच्या वळणातच जुवाचे वळण शोधतो. हे कसब कोणत्या पुस्तकात नसते, ते बापाच्या शेजारी बसूनच येते.

तसाच शेजारी एक मुलगा बसत होता. यहुदी बापाने मुलाला धर्मशास्त्र शिकवावे आणि हातात एखादे कामही द्यावे, अशी त्या समाजाची रीत होती. त्या मुलाने पुढे जे शिकविले त्यात त्या घराचा वास येतो. डोळ्यातील कुसळ आणि मुसळ, सोपे व हलके जू, नांगराला हात घालून मागे पाहणारा, खडकावर बांधलेले घर. दिव्याविषयी बोलताना तो माप, पलंग आणि दिवठणी अशी तीन नावे घेतो. घरातल्या मोजक्या सामानाची ही जणू यादीच. मोजके म्हणण्याचे कारण, अशा घरात याहून फारसे नसावेच. चटया, कपड्यांची पेटी, जेवणाला एखादा बुटका चौरंग. यांपैकी किती वस्तू योसेफ यांच्या हातच्या होत्या हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु सुताराच्या घरी विकत आणलेला पाट असेल, हे आपल्या एकाही सुताराला पटणार नाही. (सुताराच्याच घरचा पाट मोडका असतो, असे आमच्या एका वाचकाने यावर सुचविले. तेही खोटे नसावे.)

हे घर म्हणजे साऱ्या जगाला कुटुंबजीवनाची शाळा आहे, असा विचार पोप संत सहावे पॉल यांनी ५ जानेवारी १९६४ रोजी नाझरेथ येथे मांडला होता. त्या शाळेत रोज काय चाले? सकाळी पाणी, दळण, भाकरी. दिवसभर करवतीचा व वाकसाचा आवाज. संध्याकाळी प्रार्थना आणि एकत्र जेवण. शब्बाथाच्या दिवशी अवजारे खाली. आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाई दळणकांडणाच्या कामातच देव पाहत होत्या, हे आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी आपल्याला सांगितलेले आहेच. नाझरेथमध्ये तर देवच भुश्शात खेळत होता. नाझरेथपासून सुमारे ६ किलोमीटरवर सेफोरिस नावाचे शहर हेरोद अंतिपा नव्याने उभारत होता. योसेफ तेथे मजुरीला जात असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असल्यास ते सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतत असतील, एवढे अंतर.

मराठवाड्यातील सुतार आज कोठे आहे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. निजामाच्या राज्यात आणि १९४८ नंतरही काही काळ तो बलुतेदार होता. मृगापूर्वी गावाची औते त्याच्या दारात येत आणि खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य त्याला मिळे. हा व्यवहार न्यायाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यात जातीची उतरंड होती व सुताराला आपल्या श्रमाची किंमत स्वतः ठरविता येत नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पुढे तोच नांगर घरोघर गेला, मग ट्रॅक्टर आला आणि लाकडी तिफण आढ्याला टांगली गेली. घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, लोखंडी कपाट आले, लग्नात भुश्शाच्या दाबलेल्या फळ्यांचा पलंग आला, जो दोन पावसाळ्यांत फुगतो. सुताराचा मुलगा पुण्याच्या बाजूला ठेकेदाराकडे फर्निचरच्या कामाला गेला. तो हुशार आहे, वीजेच्या यंत्रावर एका दिवसात बापाचे आठ दिवसांचे काम करतो. पण त्याने केलेल्या कपाटात कोणाचे कपडे राहणार हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याचे लेकरू त्याच्या शेजारी बसून काही पाहत नसते. योसेफ यांचा सण साजरा करताना या मुलाची आठवण आपल्या प्रार्थनेत असावी.

येशू बारा वर्षांचा असताना वल्हांडण सणाहून परतताना तो हरवला. आईबापांनी तिसऱ्या दिवशी त्याला मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला पाहिला. आपण पित्याच्या घरी असणे आवश्यक होते, अशा अर्थाचे त्याचे उत्तर पालकपित्याने कसे ऐकले असेल? मुलगा आपला नाही, हे त्यांना आरंभापासून ठाऊक होते. तरी त्या दिवशी ते त्यांना भर मंदिरात ऐकावे लागले. यानंतर मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. लूक यांच्या कथेतून योसेफ येथेच बाहेर पडतात. येशूच्या जाहीर कार्यात ते कोठेही दिसत नाहीत आणि क्रुसाजवळ मरियेला शिष्याच्या स्वाधीन केले गेले, यावरून तोपर्यंत त्यांचे निधन झाले होते असे ख्रिस्तसभा मानते. येशू आणि मरिया उशापायथ्याशी असताना त्यांना मरण आले, या श्रद्धेने त्यांना सुखरूप मरणाचे आश्रयदाते मानले जाते. मत्तय येशूचा उल्लेख सुताराचा मुलगा असा नोंदवतात, तर मार्क यांच्या नोंदीत गावकरी येशूलाच सुतार म्हणतात. दुकान मुलाच्या हाती आले होते.

ख्रिस्तसभेने त्यांची ओळख सावकाश वाढविली. संत तेरेजा हिने १५६२ साली आविला येथे आपला पहिला सुधारित मठ त्यांच्याच नावे उघडला. ८ डिसेंबर १८७० रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना विश्वव्यापी ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केले. १९५५ साली बारावे पायस यांनी १ मे हा कामगार संत योसेफ यांचा सण ठरविला, आणि पाच वर्षांनी त्याच तारखेला आपले महाराष्ट्र राज्य जन्मास आले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर योसेफ वर्ष पाळावयास सांगितले. ते वर्ष टाळेबंदी व आजारपण यांत गेले, आणि अनेक धर्मग्रामांत ठरलेले कार्यक्रम होऊ शकले नाहीत.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या १ मे रोजी मिस्साच्या वेळी अर्पणाच्या मिरवणुकीत फळाफुलांबरोबर कामाची अवजारेही वेदीपाशी आणावीत. करवत, पटाशी, रंधा, गुण्या, थापी, कोयता, शिवणयंत्राची कात्री, जे ज्याचे असेल ते. ज्यांच्या आढ्याला आजोबांची तिफण अजून टांगलेली आहे, त्यांनी ती धूळ झटकून आणावी. धर्मगुरूंनी या अवजारांना आशीर्वाद द्यावा, आणि मिस्सानंतर मुलांना ती हातात घेऊ द्यावीत. धारेकडची बाजू तेवढी सांभाळून.